उसना कचरा आणि इतर मूल्यं

प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते. भाजीच्या, मिठाईच्या, साडीच्या दुकानातल्या पिशव्या आपण तिच्यात कोंबत जातो, 'लागेल कधीतरी' म्हणून. आमच्या बी.एड. कॉलेजातले किस्से माझ्या डोक्यात असेच कोंबलेले आहेत. परवा स्टाफरूममध्ये एकीने "मॅम, एखादा सुनाओ ना," म्हटलं, तर एक ओढताना सगळेच बाहेर आले. आता सांडलेच आहेत, तर तुम्हीही घ्या!

कॉलेज गाझियाबादला आणि मी राहते आर. के. पुरमला, नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मेट्रो, मग दुसरी मेट्रो, मग ई-रिक्षा, असा रोजचा द्राविडी प्राणायाम. माझा विषय मात्र भारदस्त: 'सामाजिक उत्तरदायित्व आणि सामायिक मूल्ये'. होऊ घातलेल्या शिक्षकांच्या मनात ही दोन्ही रुजवायची, असं अभ्यासक्रमात लिहिलंय. कशी रुजवायची, ते लिहायला लिहिणारे विसरले.

मागच्या बॅचला एस्तेर गायकवाड नावाची मुलगी माझ्याबरोबर यायची. आमच्याच ब्लॉकमधली. वडील मूळचे नगरचे, इथे केंद्र सरकारच्या नोकरीत. ही दिल्लीतच जन्मली, दिल्लीतच वाढली. कॉलेजच्या गेटाबाहेर मी तिची 'काकू' आणि गेटाच्या आत 'मॅम'. यात तिची कधी चूक व्हायची नाही.

तिच्या वडिलांचं रिटायरमेंट तोंडावर आलं होतं. म्हणजे क्वार्टर सोडायचं आणि सगळ्यांनी चंबूगबाळं आवरून नगरला जायचं. गाझियाबादच्या एका शाळेने एस्तेरला नोकरी द्यायचं कबूल केलं होतं, पण अट एकच, याच वर्षी बी.एड. पास. "काकू, नगरला जाऊन मी काय करू यार? मी तिथे फक्त सुट्टीत गेलीये, मतलब पाहुणी म्हणून," असं ती मेट्रोत दिवसाआड म्हणायची.

पोरगी हुशार, प्रेमळ, मेहनती. दोष एकच. लेसन प्लॅनच्या बाहेर एक पाऊल टाकायची नाही. प्लॅनमध्ये 'येथे स्मितहास्य' असं लिहून ठेवायची आणि बरोबर तिथेच हसायची!

* * *

आमचे प्रिन्सिपल त्यागी सर. माणूस दिलदार, पण एखाद्या गोष्टीचा फोटो निघाल्याशिवाय ती घडली असं ते मानत नाहीत. वर्ष सुरू होताच त्यांनी सर्वधर्म प्रार्थना ठरवली. प्रत्येक धर्माचा एकेक जण स्टेजवर हवा!

हिंदू, मुस्लिम, शीख विद्यार्थी मिळाले. ख्रिश्चन म्हणून एस्तेर उभी राहिली. जैन म्हणून समोरच्या स्टेशनरीवाल्याला दुकान बंद करून बोलावून आणलं. पारशी मात्र काही केल्या सापडेना.

सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "मैडम, आप तो बंबई साइड की हैं ना?"

"नाही सर, मैं सातारा की हूँ. मराठी. देशमुख."

"हाँ हाँ, वही. तो पारसी आप हो जाइए."

मी परोपरीने समजावलं. पण "मैडम, पाँच मिनट की तो बात है," यापुढे माझं काही चालेना. मी पदर डोक्यावरून घेऊन पाच मिनिटं पारशी झाले. फोटो नोटीस बोर्डावर लागला, खाली नावासकट.

विक्रांत नावाचा आमचा एक विद्यार्थी होता, मेरठचा. अंगाने आडदांड, मनाने लोणी. तो दुसऱ्या दिवशी आदराने येऊन विचारतो, "मैम, आप लोगों का नया साल कब आता है?" मला वाटलं, मराठी लोकांचं विचारतोय. मी गुढीपाडवा सांगितला.

पाडव्याला सकाळी श्रीखंड वाटीत काढत होते, तर फोन वाजला. "मैम, नवरोज मुबारक!"

* * *

आमच्याकडे एक कौशल्य शिकवतात, प्रोत्साहन द्यायचं. मुलाने तोंड उघडलं, की शिक्षकाने लगेच 'शाबाश', 'बहुत अच्छा', 'और कौन बताएगा' असं काहीतरी म्हणायचं. मागे बसून मी त्याचे मार्क देते. हे पंधरवडाभर, सकाळ-संध्याकाळ! घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच घुमत असतं.

अशाच एका संध्याकाळी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. मी मटार सोलत होते.

"अगं, गुडघा फार दुखतोय. जिना चढवत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "शाबास! अजून कोण सांगेल?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. फोन तिकडे स्पीकरवर असावा, कारण थोड्या वेळाने सासऱ्यांचा आवाज आला.

"माझी कंबर."

* * *

त्यागी सरांनी मग फतवा काढला, की प्रत्येक विद्यार्थ्याने समाजाच्या उपयोगाचं एक काम करायचं आणि पुरावा म्हणून फोटो जोडायचा. इंटरनलचे पाच मार्क!

माझी बॅच म्हणजे चतुरस्र मंडळी. सगळ्यांनी सर्वात सोपं काम निवडलं, मेट्रोत ज्येष्ठ नागरिकाला जागा द्यायची. पण त्या दिवशी डबा जवळजवळ रिकामा होता. अख्ख्या डब्यात उभे एकच काका, दाराजवळ, हातात ब्रीफकेस.

"अंकल, बैठ जाइए," विक्रांत उठून म्हणाला.

"नहीं बेटा, अगले स्टेशन पर उतरना है."

"अंकल, मेरी सीट ले लीजिए," दुसरी उठली. मग तिसरा, चौथी. काका दाराला चिकटले. शेवटी विक्रांत काकुळतीला येऊन म्हणाला, "अंकल प्लीज, पाँच नंबर का सवाल है!"

काका माणूस चांगला निघाला. आपलं स्टेशन सोडून दिलं आणि एकेका सीटवर बसत पूर्ण डबा फिरला! सगळ्यांच्या फाइलमध्ये त्याच काकांचे फोटो. तपासताना मला तर ते घरचेच वाटायला लागले. शेवटच्या फोटोत काका स्वतःच कॅमेऱ्याला अंगठा दाखवून विचारतायत असं वाटत होतं, की आणखी कोण राहिलं?

फक्त एस्तेरची फाइल कोरी होती. "मॅम, प्लॅनमध्ये लिहिलं होतं, वृद्ध व्यक्ती उभी असेल. ते तर बसलेले होते!"

* * *

याच एस्तेरचा सरावपाठ सांगते.

आमच्या पाठात सुरुवातीला तीन-चार सोपे प्रश्न विचारायचे असतात. शेवटचा प्रश्न मुद्दाम असा काढायचा, की मुलांना येऊच नये. मुलं गप्प झाली, की शिक्षकाने विजयी मुद्रेने म्हणायचं, "तो बच्चो, आज हम यही पढ़ेंगे!" प्लॅनमध्ये त्या प्रश्नापुढे 'विद्यार्थी निरुत्तर' असं आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. पिढ्यानपिढ्या आमचे विद्यार्थी ठरल्या जागी निरुत्तर होत आलेत.

एस्तेरचा विषय होता सहकार्य. वर्ग पाचवी.

"घर में खाना कौन बनाता है?" "मम्मी!" "सब्जी कौन लाता है?" "पापा!" "प्लेट कौन लगाता है?" "मैं!" सगळं प्लॅनबरहुकूम. मग तिने आवाज खाली आणून तो शेवटचा प्रश्न टाकला. "जब सब मिलकर एक-दूसरे का काम करते हैं, तो उसे क्या कहते हैं?"

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी ताडकन उठली. "सहयोग!"

एस्तेरने प्लॅनकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. पुन्हा प्लॅनकडे पाहिलं. तिथे तर स्वच्छ अक्षरात निरुत्तर! ती रडवेली होऊन म्हणाली, "बेटा, ये तुम्हें नहीं आना चाहिए था!"

मुलगी गुणी. "सॉरी मैम, नहीं आता," म्हणाली आणि खाली बसली.

मी मागे फाइलमध्ये तोंड खुपसून हसले. पण परतीच्या मेट्रोत एस्तेर तो प्लॅन पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. उतरताना म्हणाली, "काकू, फायनल लेसनला बाहेरचे एक्झामिनर येणार. तिथे असं झालं तर मी गेलीच ना?" त्या दिवसापासून मला तिची खरंच काळजी वाटायला लागली.

* * *

ऑक्टोबरात स्वच्छता अभियान आलं. बॅनर आला, टोप्या आल्या, नवे कोरे झाडू आले. पाहुणे यायचे होते म्हणून सफाईवाल्या दीदींनी पहाटेच सगळं आवार लख्ख करून ठेवलेलं! औषधालाही कचरा नाही.

त्यागी सर हवालदिल. "मैडम, कूड़ा कहाँ है? बिना कूड़े के अभियान कैसे होगा?"

विक्रांत म्हणाला, "सर, मैं देखता हूँ," आणि स्कूटर काढून गेला. थोड्या वेळाने दोन पोती वाळकी पानं पुढे ठेवून हजर! आमच्या रस्त्यावर बी.एड. कॉलेजं पानाच्या टपऱ्यांसारखी आहेत, त्यातल्याच एका कॉलेजातून आणलेली. पानं सुबक पसरली. पाहुण्यांनी झाडली. सरांनी भाषण केलं. फोटो तर इतके निघाले, की तेवढी पानंही नसतील.

पाहुणे गेले आणि विक्रांत पानं पुन्हा पोत्यात भरायला लागला, अगदी एकेक वेचून.

मी म्हटलं, "रहने दो ना, गाडी येऊन ले जाएगी."

"नहीं मैम, वापस करना है. कल उनका अभियान है!"

* * *

सामायिक मूल्य म्हणजे काय, यावर एकदा वर्गात तासभर खडाजंगी झाली. कोणी म्हणालं सत्य. विक्रांत म्हणाला, "मैम, वो तो सामने वाले पर डिपेंड करता है." वक्तशीरपणा सुचवला तो उशिरा आलेल्या मुलाने. शेवटी मी वैतागले. म्हटलं, बोलणं पुरे, उद्या प्रत्येकाने घरून असा एक पदार्थ आणायचा, जो इथल्या सगळ्यांना आवडतो. तुझं नको, माझं नको, आपलं आणा. त्यातून कळेल सामायिक म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. राजमा. पुढचा डबा, राजमा. त्याच्या पुढचा, राजमा. विक्रांतचा तर पाच लिटरचा कुकरच, शिट्टीसकट! एस्तेर ओशाळून म्हणाली, "आई म्हणत होती नगरची शिपी आमटी ने. पण मी म्हटलं, सगळ्यांना तर..." आणि तिनेही झाकण काढलं. राजमा.

मीही काही वेगळी निघाले नाही. इतकी वर्षं दिल्लीत राहून दुसरं काय होणार!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सामायिक मूल्य सापडलं होतं! ताटल्या मांडल्या, आणि मग कोणीतरी विचारलं, "चावल किसके पास है?"

प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं. भात दुसरा कोणीतरी आणेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं! सामायिक मूल्य हजर, सामाजिक उत्तरदायित्व गैरहजर. त्यागी सर फोटो काढायला आले तेव्हा आम्ही सगळे बिस्किटांनी राजमा खात होतो.

* * *

आता किस्सा फायनल लेसनचा.

आमच्याच आवारातल्या शाळेत परीक्षक म्हणून माथुर मॅडम आल्या. बारीक चण, करड्या रंगाची शाल आणि परीक्षेचे सगळे नियम तोंडपाठ. कलम, उपकलम, तळटीपेसकट! कोणी चहाचं विचारलं तरी त्याबद्दलचा नियम आधी सांगायच्या. सकाळीच त्यांनी एका मुलाचा पाठ रद्द केला होता. त्याने शाळेतल्या मुलांना उत्तरं आधीच पढवून ठेवली होती. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणाल्या आणि लाल पेनाने आडवी रेघ मारली. त्या मुलाचं वर्ष गेलं.

पुढचा नंबर एस्तेरचा. वर्ग सहावी. चिठ्ठीत विषय निघाला होता ईमानदारी.

वर्गाच्या दाराशी आम्ही उभ्या होतो, तेवढ्यात विक्रांत छाती फुगवून आला. "एस्तेर, टेन्शन मत ले. कल मैं क्लास में जाकर सब सेट कर आया."

"काय सेट?" मी विचारलं.

"मैम, बच्चों को बोल दिया, हर सवाल पर हाथ सब उठाएँगे. जिसको जवाब आता है वो सीधा हाथ. जिसको नहीं आता वो उलटा. ये बस सीधे हाथ वालों से पूछे. क्लास भी होशियार लगेगी, प्लॅन भी नहीं टूटेगा!"

त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, आपण मैत्री निभावली. एस्तेरचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझा दंड धरला आणि गेटाच्या आत पहिल्यांदाच म्हणाली, "काकू, लेसन ईमानदारीचा आहे!"

विक्रांतचा गळा आवळावा असं मला फार वाटलं. पण घंटा झाली आणि माथुर मॅडम आत शिरल्या. त्यांच्या मागे त्यागी सर, त्यांच्या मागे मी. आम्ही तिघं शेवटच्या बाकावर बसलो.

एस्तेरने पहिला प्रश्न विचारला. "बच्चो, क्लास में किसी का पेन मिले, तो तुम क्या करोगे?"

सगळ्या वर्गाचे हात वर! त्यागी सर खूश होऊन कुजबुजले, "देखिए मैडम, कितनी जागरूक क्लास है." मला मात्र अर्धे हात डावे, म्हणजे 'उलटे', दिसत होते, आणि त्या हातांच्या मालकांचे डोळे 'मला विचारू नका' म्हणत होते.

एस्तेर थांबली. तिने हातातल्या प्लॅनकडे पाहिलं. मग ती फाइल मिटली आणि टेबलावर पालथी ठेवली. या मुलीने फाइल मिटलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"तुम बताओ," ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीला म्हणाली.

मुलगी उठलीच नाही. हात वर धरून बसल्या जागेवरून म्हणाली, "मैम, पर ये तो उलटा है!"

"उलटा मतलब?"

"मतलब नहीं आता. भैया ने बोला था, आप हमसे नहीं पूछोगी."

त्यागी सरांना ठसका लागला. माथुर मॅडमचं लाल पेन कागदावर थबकलं.

एस्तेर टेबलामागून पुढे आली. "बच्चो, आज ईमानदारी पढ़नी है, तो यहीं से शुरू करते हैं. कल भैया ने जो सिखाया, वो मुझे पास कराने के लिए सिखाया. वो गलत था. नहीं आता, ये बोलने में कोई शर्म नहीं है. मुझे भी इस वक्त नहीं आ रहा कि आगे क्या करूँ." आणि तिने सगळ्यांसमोर आपला डावा हात वर केला.

एक मुलगा फिस्सकन हसला. "मैम, मुझे भी भिन्न नहीं आते!" भिन्न म्हणजे अपूर्णांक. त्याचा डावा हात वर. "मुझे साइकिल नहीं आती!" "मुझे पेन का नहीं पता, मैं तो रख लेता हूँ!" "मुझे झूठ बोलना नहीं आता!" यावर अख्खा वर्ग ओरडला, "झूठा!" आणि नुसता कल्ला झाला. त्या कल्ल्यातून एस्तेर ज्या प्रश्नावर वळायचं त्यावर वळत गेली. पेन ठेवून घेणाऱ्याला तिने विचारलं, की मग त्या पेनाने लिहिताना कसं वाटतं? तो खूप वेळ विचार करून म्हणाला, "छुपाकर लिखना पड़ता है, मैम." मुलं भांडली, हसली, शेवटी तर एकाने दप्तरातून कोणाचं तरी रबर काढून परत दिलं. मी इतक्या वर्षांत असा पाठ पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

घंटा झाली. मुलं डबे घेऊन पळाली. एस्तेर फळ्याजवळ डस्टर हातात धरून उभी राहिली. खिडकीबाहेर विक्रांत, कान पकडून.

त्यागी सर घाम पुसत म्हणाले, "मैडम, लड़की ने तो खुद ही सब बोल दिया. सुबह आपने इसी बात पर पाठ रद्द किया था. इसमें नियम क्या कहता है?"

माथुर मॅडमनी चष्मा काढला. शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. एस्तेरकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. लाल पेन पर्समध्ये ठेवलं, आणि आपला डावा हात वर केला.